पडद्याचा ठराव

आमच्या शाळेच्या मैदानावर औषधालासुद्धा दगड सापडत नाही, याचं सगळं श्रेय मासिक पाळीला आहे. वर्षातून दोन-तीनदा वरून आदेश येतो की मुलींना आरोग्याबद्दल मार्गदर्शन करा. मग मुलींना सभागृहात बसवतात, आणि मुलगे मध्ये नकोत म्हणून त्यांना श्रमदानाला, म्हणजे दगड वेचायला, मैदानावर पाठवतात. मी इथे विज्ञान शिकवायला आले त्याच्या कितीतरी आधीपासून हे चालू आहे. मेढ्याच्या पुढे, डोंगराच्या अंगाला असलेल्या गावात इतकं स्वच्छ मैदान पाहून पाहुणे चकित होतात. मुख्याध्यापक त्यांना सांगतात, "आमच्या मुलांना श्रमाची गोडी आहे."

कार्यक्रमाचं नाव फळ्यावर कधीच लिहीत नाहीत. "आरोग्यविषयक" एवढंच लिहितात, त्यामुळे एका वर्षी दोन मुली दात दाखवायला आल्या होत्या. प्रास्ताविकात मुख्याध्यापक "त्या विषयावर" असं म्हणतात आणि ऑफिसात काम निघाल्यामुळे त्याच पावली बाहेर पडतात. माणूस वाईट नाही. दुष्काळात शाळेला पाण्याचा टँकर मिळावा म्हणून तहसीलदारांशी भांडलेला माणूस आहे. पण हा शब्द आला की त्यांच्या कपाळावर घाम येतो.

माझं माहेर सांगलीकडचं. आमच्या वेळी हा धडा आला तेव्हा सर म्हणाले होते, "सोपा आहे, घरी वाचून घ्या." त्या धड्याइतका सोपा धडा अख्ख्या पुस्तकात दुसरा नसावा, कारण तो कुणालाच कधी शिकवावा लागला नाही. घरी आईने जुन्या सुती साडीची घडी हातात दिली आणि एकच वाक्य सांगितलं, "आता झाडावर चढायचं न्हाई." पुढचे कित्येक महिने माझी पक्की समजूत होती की हे सगळं चिंचेवर चढल्यामुळेच झालं.

म्हणून मी ठरवलं होतं की आपल्या वर्गात हा धडा आपण शिकवायचा, आणि मुलामुलींना एकत्र बसवून शिकवायचा. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, पालकांची तक्रार येईल."

"येणार नाही सर. तक्रार करायला आधी शब्द उच्चारावा लागतो."

तक्रार आली नाही. पहिल्या दिवशी मुलांनी बाकांवर कोरलेली नावं जन्मात वाचली नव्हती इतक्या लक्षपूर्वक वाचली. मग मागून एकाने विचारलं, "बाई, मग कावळा शिवतो म्हनत्यात, ते काय?" मी सांगितलं की कावळ्याचा यात काडीचाही संबंध नाही, त्याला उगाच बदनाम केलंय. वर्ग हसला आणि त्या हसण्यात पोरांची मान वर झाली. महिन्या-दोन महिन्यांत असं झालं की एखादी मुलगी सरळ उठून म्हणायची, "बाई, पाळी आलीय, जरा जाऊन येते," आणि एकही डोकं वळायचं नाही. मला फार अभिमान वाटला. गर्वाचं घर खाली म्हणतात, माझं मात्र वरच्या वाडीत निघालं.

वरची वाडी म्हणजे शाळेपासून अर्धा तास चढावर असलेली चाळीसेक घरांची वस्ती. घराघरात एक तरी फौजी. तिथली एक मुलगी माझ्या वर्गात होती. अंगाने काटकुळी, पण कबड्डीत चढाईला गेली की समोरच्या पोरी आपोआप मागे सरकायच्या. तिला पोलिसात जायचं होतं आणि त्यासाठी खेळाचं प्रमाणपत्र हवं होतं. साताऱ्याला जिल्ह्याच्या सामन्यात उतरल्याशिवाय ते मिळत नाही, आणि आदल्या वर्षी ऐन सामन्याच्या दिवशी ती आलीच नव्हती. खेळाच्या सरांनी या वर्षी स्पष्ट सांगितलं होतं, "सरावाला दांडी मारली की नाव कट." तरीही पावसाळा लागला आणि दर महिन्याला तिची चार-चार दिवस दांडी सुरू झाली.

मी तिला बाजूला घेऊन विचारलं. तिला काही लाज वाटली नाही, माझ्याच वर्गातली होती ती. म्हणाली, "बाई, पाळी असली की देवीच्या म्होरनं जायचं नसतं. उन्हाळ्यात आमी खालच्या पांदीनं येतो. आता वड्याला पानी हाय."

एवढंच होतं. पांद बंद झाली की वाडीतून उतरणारा एकुलता एक रस्ता ग्रामदेवीच्या देवळासमोरून जातो. देऊळ रस्त्याला तोंड करून आहे आणि गाभारा थेट दिसतो. समोरच एस.टी.चा थांबा. घरात आता कुणी काही पाळत नाही. फरशी आली, गॅस आला, तसं बाजूला बसणं मागे पडलं. उरलं ते एवढं देवळापुढचं पंधरा-वीस पावलांचं अंतर, आणि तेवढ्यासाठी आषाढापासून दसऱ्यापर्यंत वाडीतल्या पोरींची शाळा पाण्यात जात होती. मी त्यांना बीजकोश, गर्भाशय, संप्रेरकं सगळं शिकवलं होतं. ओढ्याचं पाणी तेवढं अभ्यासक्रमात नव्हतं.

तिचे आजोबा निवृत्त सुभेदार, आणि देवस्थान कमिटीचे अध्यक्षही तेच. मी एका रविवारी वर गेले. सुभेदारांनी खुर्ची दिली, सुनेला चहा टाकायला सांगितलं. नातीचा खेळ काढल्यावर त्यांचा चेहरा उजळला. पण मी मुद्द्यावर आले तशी त्यांची नजर माझ्या डोक्यावरून पलीकडच्या डोंगरावर गेली.

"त्येचं काय हाय बाई," ते म्हणाले, "पोरीची अडचन आसती."

"अडचण पाळीची नाही सुभेदारसाहेब, अडचण रस्त्याची आहे."

त्यांनी तो शब्द कानावर पडलाच नाही असं दाखवलं. सीमेवर बर्फात पहारा दिलेला माणूस, पण इथे त्यांनी चहाची बशी अशी घट्ट धरली की मला बशीची काळजी वाटली. "देवीसमोरनं त्या टायमाला जायचं नसतं. आमच्या आयांनी पाळलं, बायकांनी पाळलं."

"देवीही बाईच ना?"

"बाई हाय म्हनूनच तिला कळतं. गडी देव आसता तर समजलं बी नसतं."

या युक्तिवादापुढे मी हात टेकले. आणि मग माझा तोल गेला. माझा स्वभाव शीघ्रकोपी आहे, आणि राग आला की मी ओरडत नाही, तिरकं बोलते. मी म्हणाले, "असं करा मग. नैवेद्याच्या वेळी गाभाऱ्याचा पडदा ओढता ना? पोरी जाताना तसाच ओढत जा. देवीलाही दिसायला नको आणि पोरींची शाळाही बुडायला नको."

सुभेदारांनी बशी खाली ठेवली. मी चहा संपवला. मग ते सावकाश म्हणाले, "बाई, हे आमाला सुचलं न्हवतं."

मी थट्टा केली होती आणि गावाने ठराव केला. त्याच आठवड्यात कमिटीची बैठक झाली. फौजी माणसांचा कारभार, तेव्हा सगळं रीतसर. जिला गरज असेल तिने आदल्या सांजेला गुरवाच्या बायकोला सांगायचं, तिने गुरवाला सांगायचं, गुरवाने सकाळी पडदा ओढायचा, आणि सकाळची वर्दळ उतरून गेली की उघडायचा. नवा पडदा शिवला, लाल, सोनेरी काठाचा. माझे आभार मानणारं भाषणही झालं म्हणे. मुख्याध्यापक मला म्हणाले, "बाई, तुम्ही संवादातून मार्ग काढलात." दातओठ खात मी धन्यवाद म्हणाले.

ठराव एकमताने पास झाला, म्हणजे एकाही बाईचं मत न घेता. नाहीतर कुणीतरी त्यांना सांगितलं असतं की सकाळी त्याच वेळी समोरच्या थांब्यावर निम्मी वाडी एस.टी.ची वाट बघत उभी असते. आतापर्यंत एखादी पोरगी चार दिवस दिसली नाही तर ताप आला असेल, पाहुणे आले असतील, काहीही असेल. आता मात्र लाल पडदा ओढलेला दिसला की थांब्यावरच्या सगळ्या माना रस्त्याकडे वळायच्या. वाडीतून शाळेला येणाऱ्या मुली पाच. त्यांतली कोण, याचा अंदाज बांधायला कुणाला पाटी-पेन्सिल लागत नव्हती. जी गोष्ट झाकायची म्हणून पडदा आला, तिची त्याने रोज सकाळी दवंडी पिटली.

ती मुलगी पहिल्यांदा पडद्यापुढून चालत आली त्या दिवशी शाळेत कुणाशी बोलली नाही. सरावाला उतरली आणि तीन वेळा पकडली गेली. नंतर पाण्याच्या टाकीजवळ मला म्हणाली, "बाई, त्यापरास घरी बसल्याली बरी. निदान ताप आलाय म्हनता येत हुतं." मग खाली बघून म्हणाली, "मी साताऱ्याला न्हाई येनार."

मला खूप वाईट वाटलं. तिला घरी बसवणाऱ्या रूढीत निदान एक आडोसा होता. आमच्या सुधारणेने तोही काढून घेतला. जाऊन सुभेदारांना चार शब्द सुनवावेत असं फार मनात आलं, पण माझ्या चार शब्दांचं काय होतं हे नुकतंच पाहिलं होतं, म्हणून मी जीभ आवरली.

इलाज वाडीतल्या बायकांनीच केला, आणि तोही ठरावाचं तंतोतंत पालन करून. एका सांजेला कुणाची तरी जाऊ गुरवाच्या बायकोकडे गेली आणि म्हणाली, "उद्या मला दळनाला खाली जायाचंय, पडदा वडाय सांगा." दुसऱ्या दिवशी दुसरी गेली. तिसऱ्या दिवशी दोघी गेल्या. ठरावात शाळेच्या पोरींचं नाव कुठे घातलं होतं, "जिला गरज" एवढंच होतं. त्यांच्यातली एकही खोटं बोलत नव्हती. चाळीस घरांच्या वाडीत रोज कुणाची ना कुणाची पाळी असतेच, हे साधं गणित कमिटीतल्या एकाही गड्याने कधी मांडलं नव्हतं. पडदा रोज सकाळी ओढलेला राहू लागला. आता पोरींपैकी कोण, हे कुणालाच कळेना. ती पुन्हा हसायला लागली, सरावाला नियमित येऊ लागली.

पण आता देवी सकाळची कुणालाच दिसेना. थांब्यावरची माणसं लाल कापडाला हात जोडून एस.टी.त चढू लागली. कारखान्यातल्या पहिल्या पाळीला जाणारे कुरकुरले, गुरव कुरकुरला, पण उघड बोलणार कोण आणि काय? सुभेदार रोज पहाटे अंघोळ करून देवीपुढे ताठ उभे राहायचे, ते आता पडद्यापुढे ताठ उभे राहायचे.

सामन्याचा दिवस गणपतीनंतर आठवड्याने आला. बाकीच्या मुली खाली शाळेपाशी एस.टी.त चढणार होत्या. हिचा मला भरवसा नव्हता, कारण ऐन त्याच दिवसांत तिची तारीख येत होती, म्हणून मी मेढ्याहून वडापच्या पहिल्या जीपने वर वाडीत गेले. जाऊन बघते तर थांब्यावर ती गणवेशात, पाठीला पिशवी, आणि शेजारी तिचे वडील. गणपतीला रजेवर आले होते, रजा संपली होती, पायाशी काळी ट्रंक. साताऱ्याहून त्यांना रेल्वे पकडायची होती. सुभेदार मुलाला पोचवायला आले होते. बापलेक एकाच एस.टी.ने निघणार, म्हणून आजोबा दोन्हींकडून खुशीत होते.

वडील चप्पल काढून देवळाच्या पायरीशी गेले. ड्युटीवर जाताना देवीचं तोंड बघितल्याशिवाय या वाडीतला जवान एस.टी.त पाय ठेवत नाही. पडदा ओढलेला होता. ते रजेत रोज उशिरा उठून सावकाश दर्शनाला जायचे, त्यामुळे सकाळचा हा प्रकार त्यांनी पाहिला नव्हता.

"नैवेद्य चाललाय व्हय?" त्यांनी विचारलं.

गुरवाने सुभेदारांकडे पाहिलं. सुभेदारांनी रस्त्याकडे पाहिलं. थांब्यावर पंधरा-सोळा माणसं होती, त्यातली निम्मी फौजेत जाऊन आलेली. एकाच्याही तोंडून शब्द फुटेना.

"आवं आबा, पडदा का वडलाय?"

वळणावर एस.टी.चा आवाज आला.

"माझ्यासाठी वडलाय," मुलगी म्हणाली. "माझी पाळी चालू हाय, पप्पा. मी म्होरनं जाताना देवीला दिसू ने म्हनून."

मी तिच्याकडे पाहिलं. तिने आवाज चढवला नव्हता. वर्गात उत्तर देते तसं, उभं राहून, पूर्ण वाक्यात उत्तर दिलं होतं.

सुभेदार घाईने म्हणाले, "तू जा फुडं, त्या चिंचेखाली थांब. मग काडू पडदा."

"न्हाई जात."

"अगं, गाडी आली."

"मग काडा की."

एस.टी. येऊन थांबली. ड्रायव्हरने हॉर्न दिला. सुभेदार एकदा नातीकडे, एकदा मुलाकडे बघत राहिले. मुलगा दर्शनाशिवाय सीमेवर जाणार, की नात पाळीत देवीसमोर उभी राहणार, यातलं काय जास्त वाईट, याचा हुकूम त्यांना आयुष्यात कुणी दिला नव्हता. शेवटी ते स्वतःच चप्पल काढून आत गेले आणि त्यांनी दोन्ही हातांनी पडदा बाजूला सारला. उघडला तो मुलासाठी. एकट्या नातीसाठी उघडला असता, असं मी शपथेवर सांगणार नाही. पण उघडला, आणि ती तिथून हलली नव्हती. बापाने हात जोडले. तिनेही जोडले. देवीच्या चेहऱ्यावर मला तरी काही फरक दिसला नाही.

ठराव अजून रद्द झालेला नाही. रद्द करायचा तर बैठक घ्यावी लागेल, आणि बैठकीत विषय वाचावा लागेल. तेव्हा तो कागदावर तसाच आहे. फक्त गुरवाच्या बायकोकडे सांजेला आता निरोप येत नाहीत आणि पडदा नैवेद्यापुरताच ओढला जातो. आणि सामन्याची कुणाला उत्सुकता राहू नये म्हणून सांगते, आम्ही उपांत्य फेरीत हरलो. पण जिल्ह्याला खेळल्याचं तिचं प्रमाणपत्र झालं.

एस.टी.त बापलेक माझ्या पुढच्या बाकावर बसले होते. घाट उतरेपर्यंत वडील ट्रंकेच्या कडीशी चाळा करत होते. मेढा मागे पडल्यावर त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "पोटात दुखतंय का गं?"

"थोडं."

"खेळायला जमंल?"

"जमंल की."

मग ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुझ्या आईच्या बी दुखतं का?"

ती हसली नाही. म्हणाली, "मला काय विचारताय? तिलाच विचारा."

त्यांनी खिशातून मोबाईल काढला. बराच वेळ नुसता हातात धरून बसले. शेवटी लावला. पलीकडून आवाज आला असावा, कारण ते एकदम सावरून बसले.

"व्हय... न्हाई, अजून पोचलो न्हाई. न्हाई, काय विसरलं न्हाई." मग थांबले. लग्नाला पंधरा-सोळा वर्षं झालेला तो जवान शब्द शोधत होता. "काय न्हाई, आसाच फोन केला," ते म्हणाले. "तू जेवलीस का?"

सकाळचे साडेसातसुद्धा वाजले नव्हते.